बेळगावात सिग्नलला बस आधी सोडा: पोलीस, महापालिका आणि परिवहनवाल्यांना खुलं पत्र

माननीय पोलीस आयुक्त, महापालिका आयुक्त, स्मार्ट सिटीचे अधिकारी आणि वायव्य कर्नाटक परिवहनचे बेळगाव विभागीय नियंत्रक,

सगळ्यांना नमस्कार. चौघांना मिळून एकच पत्र लिहितोय, कारण सिग्नल एकाकडे, रस्ता दुसऱ्याकडे, कॅमेरे तिसऱ्याकडे आणि बस चौथ्याकडे, आणि मी जे मागतोय ते चौघं एका टेबलाला बसल्याशिवाय व्हायचं नाही.

मागणी छोटी आहे. माणसांनी भरलेली बस चौकाजवळ आली आणि तिच्या बाजूचा हिरवा दिवा संपतच आलाय, तर तो आठ-दहा सेकंद जास्त चालू ठेवा, आणि बस लालला उभी असेल तर तिचा हिरवा थोडा लवकर लावा. इतकंच. रस्ता रुंद करायला नको, कुणाचं दुकान पाडायला नको, पूल नको, भूसंपादनाची नोटीस नको.

हे जमत नाही असं मात्र म्हणू नका, कारण जमतं हे आम्ही जवळजवळ दर हिवाळ्यात बघतो. हलग्याला राज्याच्या विधिमंडळाचं सुवर्ण विधानसौध २०१२ ला उभं राहिलं, तेव्हापासून अधिवेशन लागलं की शहरात मंत्र्यांचे ताफे फिरायला लागतात, चौकाचौकात पोलीस, वायरलेसवर निरोप, आणि इतका वेळ लाल असलेला सिग्नल बघता बघता हिरवा होतो. म्हणजे यंत्र ऐकतं, हाताने बदलता येतं, कुणाला आधी सोडायचं हे ठरवायची सोय आहे. फक्त आत्तापर्यंत ते ज्यांच्यासाठी ठरलं त्यांच्या गाडीत ड्रायव्हर धरून तीन माणसं असतात (पीए बसला तर चार). बसला तर तसलं काही नकोच आहे. ताफ्यासाठी अख्खा चौक मिनिटं मिनिटं बांधून ठेवतात, अॅम्ब्युलन्सला आणि फायर ब्रिगेडला सगळं सोडून वाट द्यायचीच असते, त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही, पण बसला फक्त झुकतं माप पाहिजे, तेही काही सेकंदांचं.

आता मी कोण सांगतो. मी वडगावचा, स्कूटरवाला. बसने मी कधीमधीच जातो, घरातली बाकीची मंडळी मात्र रोज. त्यामुळे हे पत्र बसवाल्यांचं स्कूटरवाल्यांविरुद्धचं नाही, चौकात माझे दहा सेकंद जाणार हे मला माहीत आहे आणि ते घ्या असं मीच म्हणतोय. का म्हणतोय त्याचा हिशोब देतो.

एक बस रस्त्यावर साधारण तीन कारची जागा खाते. तीन कारमध्ये आपल्याकडे किती माणसं असतात? पाच, फार तर सहा. बसमध्ये नुसत्या सीटच चाळीसच्या वर असतात आणि सकाळी नऊच्या सुमाराला खानापूर रोडवरच्या कुठल्याही बसमध्ये बघा, उभे असणारे वेगळेच, कंडक्टर मागून ओरडतोय मुंद होग्री मुंद होग्री, आणि पुढे जायला जागा असली तर जातील ना लोक. समजा अशा बसमध्ये ६० माणसं आहेत. ती बस सिग्नलला आली आणि तीन सेकंदासाठी हिरवा चुकला, आता ८० सेकंद लाल. ६० गुणिले ८० म्हणजे माणसांची एकूण ८० मिनिटं गेली, एका चौकात, एका बसची. उलट हिरवा दहा सेकंद वाढवला असता तर आडव्या रस्त्यावर काय झालं असतं? तिथे धरा ४५ माणसं स्कूटर, रिक्षा, कार सगळं मिळून, त्यांची प्रत्येकी दहा सेकंदं म्हणजे साडेसात मिनिटं. एका लेनमधून दहा सेकंदात पाचेक कार सुटतात, त्या पाच कार सुटायच्या राहिल्या आणि आतली आठ माणसं आणखी दोन मिनिटं अडकली असं धरलं तरी अजून सोळा मिनिटं. झाली की साडेतेवीस. ऐंशी कुठे आणि साडेतेवीस कुठे. हे आकडे मी धरून चाललोय, तुमच्याकडे कंट्रोल रूम आहे, कॅमेरे आहेत, खरे आकडे घालून करा की एकदा. सिग्नलचा टायमिंग ठरवताना आजपर्यंत गाड्या मोजल्या जातात, माणसं मोजली तर उत्तर वेगळं येतं एवढंच माझं म्हणणं.

आता यात परिवहनचा फायदा काय ते विभागीय नियंत्रक साहेबांनी जरा नीट वाचावं. ११ जून २०२३ ला शक्ती योजना सुरू झाली, कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसमधून राज्यात फुकट प्रवास. चांगली योजना आहे, आमच्या गल्लीतल्या ज्या बायका महिन्यात एकदा माहेरी जायच्या त्या आता आठवड्याला जातात, बाजाराला जातात, कामाला जातात. (पलीकडे महाराष्ट्रातली शिनोळी-चंदगडची बाई त्याच बसमध्ये तिकीट काढून बसते, तो विषय वेगळा, इथे नको.) पण माणसं वाढली की बस वाढायला पाहिजेत, आणि बस वाढवा म्हटलं की नवीन गाड्या, नवीन ड्रायव्हर, डिझेल, हे सगळं येतं. तर बघा, एका मार्गावर जाऊन येऊन दीड तास लागतो आणि दर पंधरा मिनिटाला बस सोडायची आहे, तर सहा बस लागतात. तोच फेरा सव्वा तासात झाला तर पाच बस पुरतात, सहावी दुसरीकडे टाका, नाहीतर त्याच सहा बस ठेवून बारा-तेरा मिनिटाला एक सोडा. सिग्नलला उभ्या राहणाऱ्या बसचं इंजिन चालूच असतं, ड्रायव्हरची ड्युटी चालूच असते, फक्त बस चालत नसते. म्हणजे सिग्नलला वाचवलेली पंधरा मिनिटं ही खरं तर फुकट मिळालेली एक बस आहे.

आणि दोन बस मागोमाग येतात, मग पुढचा अर्धा तास काहीच नाही, ही जी सगळ्यांची तक्रार, त्यात पण सिग्नलचा हात आहे. पुढची बस एखाद्या सिग्नलला अडकून चार मिनिटं लेट झाली की पुढच्या थांब्यावर चार मिनिटांची जास्तीची माणसं जमलेली असतात, ती चढायला वेळ, त्यात आणखी लेट, त्याच्या पुढच्या थांब्यावर अजून जास्त माणसं, आणि मागची बस रिकाम्या थांब्यांवरून पळत येऊन तिला गाठते. पुढची कोंबून भरलेली आणि मागची अर्धी रिकामी, दोघी गोगटे सर्कलला एकामागे एक उभ्या. लोक शिव्या देतात ड्रायव्हरला. म्हणून जिथे ही सिस्टीम नीट लावतात तिथे सरसकट प्रत्येक बसला हिरवा देत नाहीत, जी लेट आहे किंवा जिच्या पुढे मोठी गॅप पडलीय तिला देतात आणि मागून मोकळी येणारी असते तिला नेहमीसारखं थांबू देतात. डेपोला रिकामी परत जाणारी असेल तिला तर काहीच नको.

बस आली हे सिग्नलला कसं कळणार, हा प्रश्न पूर्वी अवघड होता, रस्त्यात तारेची लूप पुरायची, बसच्या पोटाखाली यंत्र बसवायचं असली भानगड होती. आता १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या प्रवासी वाहनांना, रिक्षा सोडून, लोकेशन ट्रॅकिंगचं यंत्र आणि पॅनिक बटण केंद्राच्या नियमानेच सक्तीचं आहे. म्हणजे नव्या बसमध्ये बस कुठे आहे हे सांगणारं यंत्र पाहिजेच. बेळगाव स्मार्ट सिटीच्या पहिल्याच वीस शहरांच्या यादीत, जानेवारी २०१६ मध्ये आलं, त्यातून कंट्रोल सेंटर झालं. बस कुठे आहे ते एका स्क्रीनवर आणि सिग्नल काय दाखवतोय ते दुसऱ्या स्क्रीनवर, या दोन स्क्रीननी एकमेकांशी बोलायचं आहे, बाकी शोध लावायचा काही शिल्लक नाही.

आणि हे शोध लावणारे लोक आपल्या कितीतरी आधी होऊन गेले. स्वित्झर्लंडमधल्या झुरिचमध्ये जमिनीखालून रेल्वे करायची योजना लोकांनी मत देऊन दोनदा पाडली, १९६२ ला आणि १९७३ ला, आणि १९७७ ला परत मतदान करून सांगितलं की पैसे वरच्याच ट्रामना आणि बसना वाट करून द्यायला घाला. तिथे ट्राम चौकात येते आणि सिग्नल तिच्यासाठी तयार असतो, श्रीमंत माणसंपण ट्रामने जातात कारण ती कारच्या आधी पोचते. अमेरिकेत लॉस एंजेलिस, म्हणजे सगळ्या जगात कारवाल्यांचं शहर, तिथे २००० साली दोन मार्गांवर जलद बस सुरू केल्या, थांबे कमी केले, सिग्नलला बसला झुकतं माप दिलं, प्रवासाचा वेळ साधारण पाव हिश्श्याने कमी झाला आणि त्या बचतीतला तिसरा हिस्सा निव्वळ सिग्नलचा होता. निव्वळ सिग्नलने जादू होते असं मी म्हणत नाही, तिसरा हिस्सा म्हणतोय.

तुम्ही म्हणाल आमच्या हुबळी-धारवाडला चिगरी बस आहे की. आहे, चांगली आहे, २०१८ ला सुरू झाली, बावीस-एक किलोमीटर, तिला वेगळी लेन, वेगळी स्टेशनं. पण त्या रस्त्याची रुंदी बघा आणि आपला खडेबाजार, गणपत गल्ली, शनिवार खूट बघा. तिथे बसला वेगळी लेन द्यायची म्हणजे अर्धी बाजारपेठ उठवायची. पुण्यात २००६ ला कात्रज-स्वारगेट-हडपसरला लेन काढली, आणि त्या लेनचं काय झालं ते पुण्याला शिकायला गेलेल्या आपल्या पोरांना विचारा, सगळ्यात जास्त वापर दुचाकीवाल्यांनी केला. बेळगावला लेन काढायची तर जागा नाही, म्हणून सेकंद मागतोय. सेकंदात कुणी गाडी पार्क करू शकत नाही.

आता जिथे खरी गोची आहे तिथे येतो. नुसतं सॉफ्टवेअर टाकून काही व्हायचं नाही, कारण आपल्याकडे बरेचसे बस थांबे चौकाच्या अलीकडे आहेत, सिग्नलच्या तोंडाशी. बस येते, यंत्र म्हणतं बस आली हिरवा वाढवा, हिरवा वाढतो, आणि बस थांब्यावर उभी, एक आजी चढतेय, कॉलेजची पोरगी आधार कार्ड शोधतेय, कंडक्टर शिट्टी मारायचा आहे. दहा सेकंद वाया गेले, आडव्या रस्त्यावरचे लोक उगाच थांबले, आणि बस निघाली तेव्हा लाल. दोन-तीन दिवस असं झालं की तुम्हीच म्हणणार बंद करा ही सिस्टीम. म्हणून आधी थांबे चौकाच्या पलीकडे न्या. बस सिग्नल ओलांडेल, मग थांबेल, माणसं चढतील उतरतील, सिग्नलशी संबंधच नाही. थांबा पलीकडे गेला की अजून एक होतं, बसच्या मागून रस्ता ओलांडणारी माणसं चालत्या ट्रॅफिकच्या तोंडात येत नाहीत. हे काम बोर्ड हलवायचं आणि शेड हलवायचं आहे, थोडी कुरकुर होईल, शेडसमोरच्या चहावाल्याची तर होईलच, त्यालापण पलीकडे जागा द्या.

दुसरी गोची रांगेची. हिरवा वाढवला पण बस वीस गाड्यांच्या मागे असेल तर काय उपयोग? चौकाच्या तोंडाशी डाव्या बाजूला रिक्षा, टमटम, कुणाची तरी कार "दोन मिनिटात आलो" म्हणून लावलेली, फळाची गाडी. डावीकडचा तेवढा पट्टा मोकळा ठेवला, पन्नास-साठ मीटर, तरी बस रांगेच्या बाजूने पुढे येऊ शकते. टमटमवाल्यांना हाकला असं मी म्हणत नाही, जिथे बस जात नाही तिथे तेच नेतात आपल्याला, त्यांना चौकाच्या आधी नको तर वळून पुढे जागा आखून द्या, त्यांचीपण पोरंबाळं आहेत. पण आखून द्यायचं म्हणजे रंगाने पट्टा मारून सोडायचं नाही, माणूस उभा करायचा.

आणि सिग्नल एकमेकांना जोडून "हिरवी लाट" (एका वेगाने निघालेल्याला पुढचे सगळे सिग्नल ओळीने हिरवे) करायची योजना कुणी आणली तर एक लक्षात ठेवा, ती लाट कारच्या वेगाने आखतात. बस मधे थांब्यावर वीस-तीस सेकंद थांबते आणि लाट पुढे निघून जाते, मग प्रत्येक सिग्नलला लाल. कॉलेज रोडसारख्या रस्त्यावर लाट बसच्या वेगाने आखली, थांब्याचे सेकंद धरून, तर कारवाल्यांचं फार काही बिघडत नाही, नाहीतरी त्या रस्त्यावर कोण साठच्या स्पीडने जातंय. याला कुठलं यंत्र लागत नाही. टाइमटेबल बघून बसायला एक संध्याकाळ लागेल.

रस्ता ओलांडणाऱ्यांचे सेकंद मात्र कापू नका. बसला द्यायचे ते गाड्यांच्या वाट्यातून द्या, चालणाऱ्यांच्या नको. चन्नम्मा सर्कलला म्हाताऱ्या माणसाने रस्ता ओलांडायचा म्हणजे आधीच देवाचं नाव घेऊन, त्यात अजून कमी नको. आणि बसमधून उतरलेला माणूस हा लगेच चालणारा होतो, बसमध्ये त्याचा वेळ वाचवायचा आणि मग त्याला चौकात अडकवायचं याला काही अर्थ नाही.

दोन बाजूंनी दोन बस आल्या तर? चन्नम्मा सर्कलला हे होणारच. जी जास्त लेट ती आधी, सारख्याच लेट असतील तर जी आधी आली ती. एकदा एका बाजूला वाढवून दिलं की पुढच्या फेरीला आडव्या रस्त्याला त्याचे सेकंद परत द्यायचे, म्हणजे एकाच बाजूवर अन्याय होत नाही. हे सगळं कॉम्प्युटरला सांगून ठेवता येतं, माणसाला चौकात उन्हात उभं राहून एवढं डोक्यात ठेवणं अवघड आहे.

अजून एक, जरा नाजूक. आपल्या स्टँडवर कर्नाटकच्या बस येतात तशा कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडहून महाराष्ट्राच्या एसटी पण येतात. सिग्नलने बसचा बोर्ड कुठल्या भाषेत आहे ते बघायचं कारण नाही, आत माणसं आहेत एवढं बघावं. दोन महामंडळांची यंत्रं वेगळी असतील तर कॅमेऱ्याने ओळखा, मोठी गाडी कॅमेऱ्याला कळते. सीमाभागात भाषेवरून काही झालं की सगळ्यात आधी बस बंद होते, काच फुटली तर बसची फुटते, फेब्रुवारी २०२५ ला पण तेच झालं, दोन्हीकडच्या बस सीमेवर अडल्या आणि हाल झाले ते परीक्षेच्या पोरांचे आणि दवाखान्याला निघालेल्यांचे. त्या मोठ्या भांडणात मी पडत नाही इथे. पण ज्या दिवशी सगळं शांत असतं, आणि बरेच दिवस शांत असतं, त्या दिवशी तरी बस अडू नये.

कुणी म्हणेल लोक ऐकणार नाहीत. टिळकवाडीत रेल्वेचं गेट पडलं की काय करतात लोक? थांबतात. कुरकुरतात, हॉर्न मारतात, दोन-चार खालून वाकून जातात, पण गेट उघडा म्हणून कुणी स्टेशन मास्तरला जाऊन भांडत नाही, कारण गाडीत हजार-दीड हजार माणसं आहेत हे सगळ्यांना पटलेलं आहे. पाच-सात मिनिटं थांबतात ओ तिथे. बससाठी दहा सेकंद थांबणार नाहीत होय?

तर माझं म्हणणं असं की सगळ्या शहरात एकदम नको. एकच रस्ता घ्या, मध्यवर्ती बसस्थानक, चन्नम्मा सर्कल, कॉलेज रोड, बोगारवेस, गोगटे सर्कल, मग खानापूर रोडने आरपीडी क्रॉस, तिसरं गेट, उद्यमबाग, पिरनवाडी. यावर कॉलेजची पोरं आहेत, उद्यमबागचे कामगार आहेत, खानापूर तालुक्यातून येणारे आहेत, स्टेशनला जाणारे आहेत. (दुसरा रस्ता घ्यायचा झाला तर कोल्हापूर सर्कलवरून केएलई दवाखान्याकडचा, पण आधी एक तर करा.) सुरुवात यंत्राशिवाय करा. सकाळी साडेआठ ते साडेदहा आणि संध्याकाळी पाच ते सात, चौकातल्या पोलिसाला एवढंच सांगा की भरलेली बस रांगेत दिसली की हिरवा थोडा धरून ठेव. त्याच्या हातात ते बटण अधिवेशनाच्या वेळी असतंच. त्याच्या आधी एक महिना आणि नंतर तीन महिने स्टँड ते पिरनवाडी बसला किती वेळ लागतो ते मोजा, ट्रॅकिंगच्या यंत्रातून आपोआप मिळेल, आणि आडव्या रस्त्यांवर रांग किती वाढली तेपण मोजा, लपवू नका. फायदा दिसला तर यंत्र जोडा, नाही दिसला तर सोडून द्या, मी परत पत्र लिहिणार नाही.

मीटिंग बोलवाल तेव्हा या मार्गावरच्या चार ड्रायव्हर-कंडक्टरना आत बसवा, बाहेर बाकड्यावर नको. कुठल्या सिग्नलला किती वेळ जातो, कुठला थांबा चुकीच्या जागी आहे, कुठे पार्किंगमुळे बस वळतच नाही, हे त्यांना पाठ आहे आणि त्यांना कुणी विचारत नाही. मीटिंगचं जे काय ठरेल ते कन्नडबरोबर मराठीत पण बाहेर लावा, स्टँडवर लावलं तरी चालेल, तिथे बस येईपर्यंत वाचायला आमच्याकडे भरपूर वेळ असतो.

थांबे पलीकडे हलवायचं काम पावसाळ्याच्या आत झालं तर बरं, नंतर रस्ता खणलेला असतो आणि कुणालाच काही करता येत नाही. पहिला थांबा कुठला हलवताय ते कळवा.

आपला,
वडगावचा एक स्कूटरवाला